साखळीचे पैसे कोणाच्या नावावर

रविवार, फेब्रुवारीचा तिसरा. सकाळी साडेदहा. जागा: कंपनीचं कँटीन. हजर: शेठ, कर्णधार, जो उजवा कोपराही सांभाळतो, सांगलीकडचा चढाईपटू, ज्याला सगळे पाहुणा म्हणतात, बाकीचे सात खेळाडू, आणि मी, कबड्डी संघाची व्यवस्थापक. गैरहजर: डावा कोपरा, म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभा राहणारा. विषय एकच: पुढच्या हंगामाचं मानधन कोणाला किती.

गैरहजेरीचं कारण म्हणून मी ‘खांदा’ लिहिलं. ते खोटं नव्हतं. त्याचा खांदा उतरला होता आणि हात अजून गळ्यातल्या झोळीत होता. पण झोळीतला हात घेऊनही माणूस बसमध्ये बसून बोईसरला येऊ शकतो, आणि तो का आला नाही हे त्या कँटीनमध्ये शेठ सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या शेजारी खेळणारा पोरगा सगळ्यात मागच्या बाकावर बसून चहाच्या कागदी कपाची कड कुरतडत होता.

आधी संघाबद्दल सांगते. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगांच्या कारखान्यात पर्सोनेलला आहे. गेटपास, पीएफचे अर्ज, कँटीनची कुपनं, गणवेशाची मापं, हे माझं काम. शेठना शाळेत कबड्डीचं वेड होतं. ते पन्नाशीत पुन्हा वर आलं आणि त्यांनी कंपनीचा संघ काढला. मला बोलावून म्हणाले, “मॅडम, खेळाडू मी आणतो. बाकीचं तुम्ही बघा.” बाकीचं म्हणजे चटई, टेम्पो, गुडघ्याच्या पट्ट्या, स्प्रे, केळी, डॉक्टर, स्पर्धांचे अर्ज, ओळखपत्रं, आणि दर महिन्याला दहा जणांचं मानधन. मला कबड्डीतलं काही कळत नव्हतं. आता कळतं, आणि कळायला लागल्यापासून जास्त दमायला होतं.

खेळाडूंना हंगामापुरता करार असतो. दिवाळी ते होळी. शिवाय शेठनी तोंडी एक शब्द दिलेला आहे: जो चार हंगाम खेळेल त्याला कंपनीत कायम करणार. पॅकिंगमध्ये का होईना, पण कायम. आमच्या वसाहतीत ‘कायम’ या शब्दाचं वजन बाहेरच्या माणसाला कळणार नाही. ठेकेदाराकडे वर्षानुवर्षं एकाच मशीनवर काम करणारी माणसं इथे आहेत आणि तरी त्यांच्या गेटपासचा रंग वेगळा असतो. डाव्या कोपऱ्याचे तीन हंगाम झालेत. त्याचं वय तिशीच्या पुढे गेलंय. घरी डोंगरउतारावरची थोडी भातशेती, पावसावरची. ती झाली की तो कुठे तरी कामाला जायचा, आणि या तीन वर्षांत ते ‘कुठे तरी’ आमच्याकडे होतं. एक हंगाम राहिला आहे. माझ्या दृष्टीने त्या बैठकीत तेवढीच एक गोष्ट महत्त्वाची होती, आणि ती विषयपत्रिकेवर नव्हती.

पहिली दोन वर्षं पैशांची भानगड झाली नाही, कारण ती कर्णधाराने सुरुवातीलाच मिटवली होती. तो चिंचणीच्या किनाऱ्यावरचा. घरची होडी आहे, काका तांडेल आहे, म्हणजे होडी त्याच्या हुकमाने चालते. पहिल्या बक्षिसाचं पाकीट मिळालं तेव्हा मी टेम्पोत बसून कसं वाटायचं याचा हिशेब मांडायला लागले होते. कोण किती सामने खेळला, कोणी किती गुण आणले. कर्णधाराने डोकावून पाहिलं आणि हसला.

“ताय, एवढी गणितं कशाला? आमच्यात कसं करतात सांगू? मासळी विकली की पयलं डिझेल नि बर्फ काढायचं. मग होडीचा नि जाळ्याचा वाटा. उरलं ते सगळ्यांना सारखं. तांडेलाला दीड. बस.”

“आणि एखादा तापाने घरी पडला असेल तर?”

“त्याला पण वाटा. पुढच्या खेपेला त्यालाच बोलवायचं हाय ना?”

मग तसंच ठरलं. आधी टेम्पोचं भाडं काढायचं. मग चटईचा वाटा, त्यातून पट्ट्या आणि स्प्रे. उरलेलं सारखं, कर्णधाराला दीड, ज्याला लागलंय त्याला पूर्ण. मैदानातून निघण्याआधी, टेम्पोच्या मागच्या फळीवर, सगळ्यांसमोर वाटप. महिन्याचं मानधनही सगळ्यांना सारखं होतं. मला ते फार सोयीचं होतं. एक आकडा, दहा वेळा.

हे आदर्श होतं असं कोणी समजू नये. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी केळव्याचा आमचा चढाईपटू सोडून गेला. तेव्हा तो सगळ्यात चांगला होता. मला म्हणाला, “ताई, मी सात जणांत एकटा घुसतो, बरगड्या मोडून घेतो. आणि जो बाकावर बसून केळी खातो त्यालाही तेवढेच पैसे?”

बाकावरचा तिथेच होता. तो म्हणाला, “तुझी केळी कोण सोलून ठेवतो रे? त्याचे वेगळे मागितले का मी?”

सगळे हसले, पण केळव्याचा हसला नाही. मुंबईकडच्या एका संघाने त्याला दुप्पट दिले आणि तो गेला. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. सारखं वाटलं की भांडण होत नाही, पण चांगला माणूस टिकत नाही. मी हे शेठना सांगितलं. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथे झाली.

शेठ टीव्हीवर कबड्डीची लीग बघतात. तिथे खेळाडूंवर बोली लागते, एकेकाला लाखांत पैसे मिळतात, बाजूला बसणाऱ्याला त्याच्या काही हिश्शानेही नाही. शेठ मला म्हणाले, “मॅडम, कारखान्यात ऑपरेटरला आणि हेल्परला मी सारखा पगार देतो का? नाही ना? मग इथे का द्यायचा?” ऑपरेटर आणि हेल्परच्या पगाराची पत्रकं मीच करते.

तिसऱ्या हंगामात पाहुणा आला. त्याचं मानधन बचाव करणाऱ्या सगळ्यांच्या मिळून होईल तेवढं होतं. त्यातले काही पैसे शेठनी नवीन घातले, आणि काही बचाववाल्यांचं महिन्याचं मानधन कमी करून काढले. त्याच्या बदल्यात त्यांना पकडीमागे पैसे. पकड करा, पैसे घ्या. कोणाची पकड हे कसं ठरवायचं? स्पर्धेत गुणलेखक बसतो, तो ज्याने आधी धरलं त्याचं नाव लिहितो. त्याच्या कागदावर ज्याचं नाव, त्याचे पैसे. शेठना हे एकदम चोख वाटलं. मलाही वाटलं. कागद होता, नाव होतं, सही होती.

मला भीती पाहुण्याच्या मानधनाची होती. पोरं बिथरतील असं वाटलं होतं. तसं फार झालं नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सगळे ‘शेठचे जावई’ म्हणायला लागले. टेम्पोत पुढची सीट रिकामी करून, “या जावईबापू, इथे बसा, हवा येते.”

पाहुणा म्हणाला, “जावई म्हणता, तर मटण तरी करा. तीन दिवस नुसतं वरण-भात चाललंय.”

त्यानंतर कर्णधाराच्या घरून डबा यायला लागला आणि विषय संपला. पोरं चहाच्या टपरीवर कुरकुरायची, “त्याच्या एका सामन्यात माझा महिना निघेल,” असं, पण मैदानात त्याने एका चढाईत तिघांना बाद केलं की तीच पोरं ओरडायची. मी नंतर यावर विचार केला. चढाईला माणूस एकटा जातो. तो काय आणतो ते सगळ्यांना दिसतं. त्याला जास्त मिळालं तर हेवा वाटेल, पण का मिळालं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कारखान्यातल्या बॉयलरवाल्यासारखं. त्याचा पगार जास्त आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी त्याच्या जागी उभं राहायला तयार नसतं.

जिथे बघायचं ते मी बघितलंच नव्हतं. ते डाव्या बाजूला होतं.

कबड्डी पाहिलेल्याला माहीत असेल, बचाव करणारे हात धरून उभे राहतात. टोकाला कोपरा, त्याच्या हातात शेजारच्याचा हात. ही साखळी. समोरचा चढाई करणारा आत आला की दोघांतल्या एकाने त्याचा पाय धरायचा आणि दुसऱ्याने त्याची परतीची वाट अडवायची. कोण काय करणार हे त्या क्षणी ठरतं. बोलायला वेळ नसतो, आणि बोललं तर समोरच्याला कळतं. आमचा डावा कोपरा शेजारच्याची बोटं दाबायचा. एकदा दाबलं की मी जातो. दोनदा दाबलं की तू जा. ही त्याची पद्धत. शेजारचा पोरगा सरावलीच्या चाळीतला, वडील इथेच एका कारखान्यात, तो स्वतः आमच्याकडे ठेकेदाराच्या पाळीवर. त्याला संघात आणला डाव्या कोपऱ्यानेच, शिकवलंही त्यानेच. दोन हंगाम ही जोडी म्हणजे आमची सगळ्यात भक्कम बाजू होती. समोरचे चढाई करणारे उजवीकडूनच जायचे, तेवढा त्यांचा धसका.

पैसे सारखे होते तोपर्यंत कोणाचं बोट किती वेळा दाबलं गेलं हे कोणी मोजलं नव्हतं. पकडीमागे पैसे आले आणि मोजणं सुरू झालं. जो जातो तोच आधी धरतो, त्याचं नाव कागदावर. आणि कोण जाणार हे ठरवत होता डावा कोपरा.

डिसेंबरात सरावाला शेजारचा माझ्याकडे आला. पट्टी मागायला म्हणून आला होता.

“ताई, एक विचारू? दादा एकदाच जास्त दाबतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे स्वतःच जातो. मला वाट अडवायला ठेवतो. नाव त्याचंच लागतं.”

“त्याला बोललास?”

“कसं बोलणार? तो म्हणेल पैशाला हपापलाय.”

मी कर्णधाराला सांगितलं. उजवीकडे त्याने आणि त्याच्या शेजारच्याने आधीच परस्पर ठरवलं होतं की नाव कोणाचंही लागो, पैसे अर्धे अर्धे. होडीवरची सवय. त्याने तेच डावीकडे सुचवलं. शेजारचा म्हणाला, “ज्याचं नाव त्याचे पैसे, शेठनीच सांगितलंय. मग वेगळं कशाला?” डावा कोपरा नुसता म्हणाला, “ठीक हाय. त्याला पायजे तसं.” आणि पाण्याची बाटली घेऊन दुसरीकडे जाऊन बसला. तो रुसका आहे. हे मी त्याच्या तोंडावरही सांगितलेलं आहे.

त्यानंतर शेजाऱ्याने वाट बघणं सोडलं. बोटं दाबायच्या आधीच झेपावायचा. कधी पकड लागायची, नाव त्याचं यायचं, शेठ खूश. कधी सुटायची. सरावात पोरांनी त्याला ‘एटीएम’ नाव पाडलं. “हातात हात दे रे एटीएम, का कार्ड घालू?” तो चिडून आणखी झेपावायचा. गंमत अशी की महिन्याच्या हिशेबात आमच्या एकूण पकडी फारशा कमी दिसत नव्हत्या. कागदावर सगळं ठीक होतं. फक्त समोरचे संघ आता डावीकडूनही यायला लागले होते, आणि हे कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी पालघरला स्पर्धा होती. उपांत्य सामना, संध्याकाळची वेळ, मैदानाच्या कडेने खुर्च्या, वडापावच्या गाड्या, मध्ये मध्ये बंद पडणारा माइक. पाहुणा अप्रतिम खेळला. शेवटची चढाई त्यांची होती आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्यांचा एक उंच पोरगा आत आला आणि डावीकडे सरकला. मी चटईच्या त्याच बाजूला बसले होते, त्यामुळे मला नीट दिसलं. शेजाऱ्याने हात सोडला आणि एकटाच त्याच्या घोट्यावर गेला. घोटा सुटला. डावा कोपरा कमरेला भिडला, पण आता एकटा. तो उंच पोरगा त्याला अंगावर घेऊनच पडला आणि पडता पडता त्याचा हात मध्यरेषेला लागला. शेजारचाही बाद, कोपराही बाद. दोन गुण. सामना गेला.

डावा कोपरा उठला नाही. खांदा बाहेर आला होता. पाहुण्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पोरं धावली. शेजारचा जिथे पडला होता तिथेच बसून राहिला, आणि त्या गर्दीत त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, माझंसुद्धा नाही, कारण मी डॉक्टरांना फोन लावत होते.

उपांत्य फेरीचं म्हणून थोडं बक्षीस मिळालं होतं. नव्या नियमाने जो खेळला नाही त्याला पकडीचे पैसे नाहीत, पण बक्षिसाबद्दल शेठनी काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून कर्णधाराने ते जुन्याच पद्धतीने वाटलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं डाव्या कोपऱ्याचा वाटा घेऊन त्याच्या घरी गेलो. चिल्हार रस्त्याने मनोरच्या पुढे, मग आत डोंगराकडे. कर्णधाराने त्याच्यासाठी सुक्या बोंबलांची पिशवी आणली होती. सगळी गाडी घमघमत होती.

तो ओट्यावर बसला होता, डावा हात गळ्यात. मला वाटलं होतं पैसे परत करेल. त्याने घेतले, मोजलेही नाहीत, बायकोकडे दिले.

“का नाय घेणार?” माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला. “माझा वाटा हाय तो.”

“डॉक्टर म्हणतात दिवाळीपर्यंत खांदा बरा होईल,” मी म्हटलं. “चौथा हंगाम खेळशील. मग कायमचं मी शेठच्या मागे लागून करून घेते.”

“खेळू ना. पण हात कोणाचा धरू?”

कर्णधार म्हणाला, “अरे, पोर हाय तो. चुकला.”

“चुकला नाय. मी त्या येळेला दोनदा दाबणार होतो, कर्णधार. दोनदा. त्यालाच जायला सांगणार होतो, तो उंच पोरगा त्याच्याच बाजूने वाकला होता. दाबायला गेलो तर हातात हातच नाय.” त्याने गळ्यातली झोळी सारखी केली. मग म्हणाला, “मी एकदाच जास्त दाबतो असं तो सगळ्यांना सांगत होता ना? मला पण कळलं ते. माझ्या घरी चार पावसाळे भाकरी खाल्ली त्याने. मला इचारायचं.”

“तू त्याला विचारलंस?” मी म्हटलं.

“मी कशाला इचारू?”

त्याची बायको आतून म्हणाली, “दोघं सारखेच हायेत, ताय. हा पण काय कमी नाय. आठवडाभर फोन हातात घेऊन बसतो नि लावत नाय.”

“तू गप बस.”

“मी गपच हाय. तू पण गपच हायस. म्हणून तर हे झालं.”

कर्णधार खो खो हसला. कोपरा हसला नाही, पण चहा घ्या म्हणाला. निघताना त्याने अट सांगितली. त्याला शेठकडून काही नको. पकडीचे पैसे कोणाच्याही नावावर लावा. फक्त शेजाऱ्याने इथे यावं आणि जे मला सांगितलं ते त्याच्यासमोर बसून त्याला सांगावं. मग तो खेळेल. नाही आला तर भातशेती आहेच, आणि नंतर कुठे तरी काम मिळेलच. ‘कुठे तरी’ हे त्याने असं म्हटलं की मला घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या कँटीनमध्ये बसले होते. शेठनी सुरुवात केली ती, डाव्या कोपऱ्याच्या जागी कोण, इथूनच. “खेळणार नसेल तर चौथा हंगाम मोजला जाणार नाही, मॅडम. नियम तो नियम.”

मी म्हटलं, “त्याआधी पकडीच्या पैशांचं ठरवू या.” आणि काय झालं ते सांगितलं. नावं न घेता, पण मागचा बाक आणखी मागे सरकल्यासारखा वाटला.

शेठना पटेना. “पैसे दिले म्हणून खेळ बिघडला? पैसे दिले नव्हते तेव्हा केळव्याचा पळून गेला. तुम्हीच सांगितलं होतंत.”

“हो, मीच सांगितलं होतं.”

तेव्हा पाहुणा बोलला. तो बैठकीत सहसा बोलत नाही. “शेठ, माझ्या पैशाला हात लावू नका, ते ठरलेले आहेत,” असं त्याने आधी स्पष्ट केलं, आणि सगळे हसले. “पण बघा, मी आत एकटा जातो. माझं काय ते मला द्या. पकड एकट्याची नसते. चढाईचे पैसे माणसाला द्या, पकडीचे जोडीला द्या. नाव दोघांचं मिळून एकच लावायचं.”

“आणि जोडीतला एक झोपला तर?” शेठ म्हणाले.

“झोपू द्या ना शेठ,” कर्णधार म्हणाला. “शेजारचा लाथ घालून उठवेल. तुमच्यापेक्षा लवकर उठवेल.”

शेठही हसले. त्यांच्या हिशेबात जोडीचं काही बसत नव्हतं, पण पाहुण्याचं ते ऐकतात, आणि ज्याला सगळ्यात जास्त देतो त्याचंच ऐकणं हा माणसाचा स्वभावच असावा. मी तेच दोन वर्षं सांगायचा प्रयत्न करत होते असं मला वाटलं, पण खरं म्हणजे मी तसं कधी सांगितलं नव्हतं. मला जोडीचं सुचलंच नव्हतं.

तर ठरलं ते असं. महिन्याचं मानधन बचाववाल्यांना पूर्वीसारखं सारखं. पाहुण्याचं आणि दुसऱ्या चढाईपटूचं वेगळं, गुणांप्रमाणे. पकडीचे पैसे जोडीला. प्रत्येक जोडीने दोघांच्या सह्या करून अर्ज द्यायचा, मार्चअखेरपर्यंत. खेळताना लागलेल्याला महिन्याचं मानधन चालू राहणार. आणि शेठनी त्यात आपली भर घातली: “डाव्या बाजूची जोडी मार्चअखेर नक्की झाली नाही, तर मी दोघंही नवीन आणतो. एक जुना, एक नवा असं नको. नीट खेळत नाहीत.”

म्हणजे आता फक्त कोपऱ्याचा चौथा हंगाम नव्हता, शेजाऱ्याचीही जागा होती.

बैठक संपल्यावर मी त्याला हात धुवायच्या नळापाशी गाठलं. तो तोंडावर पाणी मारत होता.

“ऐकलंस ना?”

“ऐकलं ना ताई.”

“मग कधी जातोस?”

“जातो. पुढच्या रविवारी.” मग नळ बंद न करताच म्हणाला, “काय बोलू पण जाऊन? मी हात पैशासाठी नव्हता सोडला ओ. म्हणजे होता. पण तेव्हा तसं वाटलं नव्हतं. तेव्हा वाटलं, हा मला दिसला, मी धरतो.”

“एवढंच बोल.”

“एवढंच?”

“मग काय भाषण करणार आहेस? आणि बोटं मोजत होतो तेही सांग. त्याला ते माहीत आहे, पण तुझ्या तोंडून हवंय.”

“वहिनी पण असतील ना तिथे?”

“असतील. त्या तुझ्या बाजूने आहेत. निदान अर्ध्या.”

त्याने मान हलवली. मी नळ बंद केला.

हे लिहिते आहे तेव्हा मार्च अर्धा उलटला आहे. चटई धुऊन, गुंडाळून शेडमध्ये ठेवली. गुडघ्याच्या पट्ट्या मोजून पेटीत टाकल्या, फाटक्या वेगळ्या काढल्या. पाहुण्याला दादरपर्यंत सोडायला गाडी दिली, त्याचा शेवटचा हप्ता गेला. उजव्या जोडीच्या सह्या झाल्या, मधल्या दोघांच्या झाल्या. डॉक्टरांचं बिल मंजूर करून घेतलं. डाव्या कोपऱ्याला व्यायाम सांगणाऱ्या बाईंशी बोलून झालं, त्या दर बुधवारी मनोरला येतात, तो जातोय. त्याचा फोन आला होता, व्यायामाचं सांगायला म्हणून. शेजाऱ्याचं शेवटी विचारलं नाहीच, पण फोन लगेच ठेवलाही नाही.

शेजारचा गेलेला नाही. पहिल्या रविवारी पाळी होती म्हणाला. दुसऱ्या रविवारी चिल्हार फाट्यापर्यंत गेला, तिथे वडापाव खाऊन परत आला, आणि हे त्याने स्वतः मला सांगितलं, म्हणून मी रागावले नाही. तिसऱ्या रविवारी त्याची गाडी गॅरेजला होती. मी कर्णधाराला टेम्पो सांगून ठेवला आहे, मी मागे बसेन म्हटलं आहे, बोंबलांची पिशवीही तो देणार आहे. येत्या रविवारचं म्हणून मी शेजाऱ्याला दोन निरोप पाठवले, त्याने वाचलेत, उत्तर दिलेलं नाही. डाव्या जोडीचा अर्ज माझ्या टेबलावर तसाच कोरा आहे. उद्या त्याची सकाळपाळी आहे. दुपारी सुटायच्या आधी गेटवर जाऊन त्याला पकडायचं आहे.